गुलाबी बोंडअळी घडवली कोणी?

२०१६ साली केंद्र सरकारने कापूस बियाण्याच्या भावावर नियंत्रण आणलं, तेव्हा बीजी-टू या बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाच्या किमतीत जनुकाचं, म्हणजे तंत्रज्ञानाचं मोल ४९ रुपये धरलं होतं. २०१८ मध्ये ते ३९ वर आलं, पुढच्या वर्षी २० वर आणि २०२० च्या हंगामात शून्यावर. या घसरणीमागे रॉयल्टीची भांडणं होती, पेटंटचे वाद होते, दिल्लीतलं राजकारण होतं, हे सगळं मान्य. पण त्याखाली एक साधी गोष्टही होती. ज्या अळीसाठी ते जनुक कपाशीत घातलं, ती अळी ते खाऊन मरेनाशी झाली होती. शेतकऱ्याला हे अधिसूचनेच्या बरंच आधी कळलं होतं. वरून निरोगी दिसणारं हिरवं बोंड फोडलं की आत सरकी पोखरणारी गुलाबी अळी, आणि वेचणीच्या वेळी किडका, डागाळलेला कवडी कापूस.

घटनाक्रम फार लांबलचक नाही. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली. तिच्यात क्राय-१-एसी हे एकच विष होतं. २००६ मध्ये क्राय-२-एबी हे दुसरं विष जोडून बीजी-टू आलं. गुजरातच्या अमरेलीतून २००८ मध्ये गोळा केलेल्या गुलाबी बोंडअळ्यांमध्ये पहिल्या विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती आढळली. २०१० मध्ये हे जनुक पुरवणाऱ्या खुद्द मोन्सँटो कंपनीने अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांपुरतं ते कबूल केलं, आणि उपाय म्हणून बीजी-टू वापरा असं सांगितलं. २०१४-१५ पर्यंत गुजरातेत बीजी-टूच्या बोंडांतही अळ्या जिवंत सापडू लागल्या. २०१७ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात जे झालं ते इथल्या कोणाला सांगायला नको.

शाळेच्या पुस्तकात उत्क्रांती म्हटलं की मँचेस्टरचा पतंग असतो. गिरण्यांच्या धुराने झाडांची खोडं काळी झाली, पांढरे पतंग पक्ष्यांना पटकन दिसू लागले, काळे वाचले, आणि पन्नासेक वर्षांत तिथले जवळजवळ सगळे पतंग काळे झाले. उदाहरण उत्तम आहे, पण ते वाचून आपली अशी समजूत होते की हा प्रकार दूर कुठेतरी, जुन्या काळी आणि सावकाश घडला. अमरेलीत तो सहा वर्षांत घडला. गुलाबी बोंडअळीच्या एका हंगामात चार-सहा पिढ्या होतात. बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या काही ठरावीक प्रथिनांना चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. त्या प्रथिनाचा आकार बदललेली एखादी अळी लाखांत जन्मते, आणि बाकीच्या मेल्या की शेत तिच्याच लेकरांचं होतं. यात अळीची हुशारी काहीच नाही. निवड शेताने केली.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांचं जनुकीय परीक्षण झालं, तेव्हा त्या प्रथिनात एक ठरावीक बिघाड सापडला नाही, नाना तऱ्हेचे बिघाड सापडले. म्हणजे कुठूनतरी एक बंडखोर अळी आली आणि देशभर पसरली, इतकी ही गोष्ट सरळ नाही. बिघाड वेगवेगळे असूनही परिणाम एकच झाला, कारण अळीला सगळीकडे शेत एकाच प्रकारचं मिळालं. मग प्रश्न असा विचारायला हवा की ते शेत तसं कोणी ठरवलं? गेली पंधरा वर्षं याचं ठरलेलं उत्तर ‘शेतकऱ्याने’ असं आहे. ‘शेतकऱ्याने रेफ्युजी लावलं नाही, म्हणून बोंडअळी आली.’ रेफ्युजी म्हणजे बीटीच्या कडेने लावायची बिगर-बीटी कपाशी, साध्या अळ्यांचा आश्रय. कृषी अधिकारी हेच सांगतात, कंपन्यांचे प्रतिनिधी हेच सांगतात, आणि शहरात बसून शेतीवर लिहिणारेही. हे उत्तर अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणामुळे खरे निर्णय घेणारे सुटून जातात.

आधी रेफ्युजीचा हिशोब पाहू. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं. शेताच्या कडेने त्याच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र लावायचं. त्या ओळींवर साध्या, विषाला बळी पडणाऱ्या अळ्या वाढणार, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी जुळणार, आणि त्यांची संकरित पिल्लं बीटी खाऊन मरणार. प्रतिकारशक्तीचं जनुक दोन्ही बाजूंनी आलं तरच अळी वाचते, एकाच बाजूने आलं तर मरते, या गृहीतावर ही योजना उभी आहे. शास्त्र म्हणून ती चोख आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तिचा अर्थ असा होतो: तुझ्या पाचव्या हिश्शाच्या शेतात अळ्या पोस, त्यांना मरू देऊ नकोस, म्हणजे दहा वर्षांनी सगळ्या तालुक्याचं भलं होईल. तू पोसल्यास आणि शेजाऱ्याने पोसल्या नाहीत तर तुझं नुकसान, फायदा त्याचा.

अळीचं विषाला बळी पडणं ही भूजलासारखी सामायिक संपत्ती आहे. विहीर ज्याची त्याची, पण पाणी सगळ्यांचं एकच, आणि ज्याने कमी उपसलं त्याच्या वाट्याचं शेजारी उपसतो. कोरडवाहू पाच एकरांवर कर्ज काढून पेरणाऱ्या माणसाने या सामायिक संपत्तीची राखण एकट्याने आणि फुकट करावी, अशी अपेक्षा मंजुरीच्या कागदावर लिहिली गेली. तपासायला कोणी आलं नाही आणि लावणाऱ्याला कोणी काही दिलं नाही. मग ती पाकिटं बांधावर फेकली गेली. कोणी कोणी ती नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या जागा, भरायला वापरली, आणि गंमत अशी की त्यातून चुकून का होईना शेतात थोडा आश्रय तयार झाला असेल.

शिवाय ही सगळी व्यवस्था रचताना डोळ्यांसमोर दुसरीच अळी होती. नव्वदच्या दशकात कापूसवाल्यांना रडवणारी अळी होती अमेरिकन बोंडअळी, आपली घाटेअळी. ती कपाशी खाते, तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते, मिळेल ते खाते. तिच्यासाठी सगळा शिवारच आश्रय असतो. तुरीवर आणि हरभऱ्यावर साध्या अळ्या वाढतात, त्या पिकांत बीटी नाही, त्यामुळे तिच्यात प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. म्हणूनच काही ठिकाणी आश्रय म्हणून तुरीचं बियाणंही चालवून घेतलं गेलं. गुलाबी बोंडअळी तुरीकडे ढुंकून पाहत नाही. भेंडी आणि तिच्या कुळातली काही झाडं सोडली तर तिचा संसार कपाशीवरच. देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी झाली, त्या दिवशी या अळीपुढे दोनच वाटा उरल्या, बदलणं किंवा नामशेष होणं. जिचं सगळं जग एका पिकात मावतं, तिच्यावर हा दाब किती जबरदस्त असतो हे मंजुरी देणाऱ्या समितीला कळत नव्हतं असं मानायला मी तयार नाही. गुलाबी अळीची नोंद शास्त्रात पहिल्यांदा झाली तीच भडोचच्या कपाशीवरून, १८४३ मध्ये. ती काही अनोळखी पाहुणी नव्हती.

आता संकरित बियाण्याकडे येतो. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा गाभा इथे आहे आणि त्यावर सर्वात कमी बोललं जातं. जगातल्या बहुतेक कापूस पिकवणाऱ्या देशांत बीटी कपाशी सरळ वाणांत आहे. भारतात ती जवळपास सगळी संकरित वाणांत आली. संकरित कपाशी ही आपलीच करामत. जगातली पहिली व्यापारी संकरित कपाशी, एच-४, १९७० मध्ये सुरतहून आली आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती होती. पण बीटी संकरात घालण्यामागचं कारण शेतीचं कमी आणि व्यापाराचं जास्त होतं. सरळ वाणाचं बियाणं शेतकरी घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरू शकतो, संकरिताचं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. कंपनीला जनुकाचे पैसे दरवर्षी वसूल करायचे तर संकरापेक्षा सोयीची तिजोरी नाही.

याचा बोंडाच्या आत काय परिणाम होतो ते समजून घेण्यासारखं आहे. संकरित झाडात बीटीचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. पानात, पात्यात, बोंडाच्या सालीत विष असतं, कारण ते सगळं त्या झाडाचंच अंग. पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी. तिच्यात जनुकांची वाटणी मेंडेलच्या नियमाने होते. बीजी-टूची दोन जनुकं स्वतंत्रपणे वाटली जातात. त्यामुळे सोळा सरक्यांपैकी नऊत दोन्ही विषं, तिघांत फक्त पहिलं, तिघांत फक्त दुसरं आणि एकीत काहीच नाही, असा हिशोब येतो. घाटेअळी बाहेर हिंडून पानं-पाती-बोंडं खाते. गुलाबी अळी बोंडात शिरून सरकी खाते. म्हणजे आपण तिच्यासमोर एकाच बोंडात चार प्रकारचं जेवण वाढलं: पूर्ण विष, अर्धं विष, दुसरं अर्धं विष आणि बिनविषारी. जिच्यात प्रतिकाराचं एकच जनुक आहे आणि जिने योजनेप्रमाणे मरायला हवं होतं, अशी अळी या मिश्र जेवणावर तगून जाऊ शकते. एका विषाला सरावलेल्या अळीला दुसऱ्याची ओळख होते. रेफ्युजीचं गणित ज्या गृहीतावर उभं होतं, ते आपल्याच बियाण्याने पोखरलं.

शेतकऱ्याने पाच ओळी काटेकोर लावल्या असत्या तरी हे थांबलं नसतं, फार तर काही वर्षं लांबलं असतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे जाहीरपणे मांडलेलं आहे. धोरणावर त्याचा परिणाम काय झाला? आश्रयाचं बियाणं वेगळ्या पुडीऐवजी त्याच पाकिटात मिसळून ४७५ ग्रॅमचं पाकीट केलं. शेतकऱ्याला चकवा देता येऊ नये इतकाच त्यामागचा विचार. संकराच्या प्रश्नाला हात नाही.

संकराचं दुसरं दुखणं म्हणजे त्याची मुदत. बियाणं महाग, म्हणून झाडं विरळ. एकरी पाच-सात हजार. दुसऱ्या देशांत एकरात चाळीस हजारांच्या आसपास झाडं असतात. झाडं कमी असली की प्रत्येक झाडाकडून जास्त बोंडं हवीत, त्यासाठी झाड मोठं आणि जास्त दिवस उभं हवं. म्हणून आपली कपाशी १६० ते २०० दिवस, कधी त्याहूनही जास्त शेतात राहते. गुलाबी अळी मुळात हंगामाच्या उत्तरार्धातली कीड. पीक जुनं होत जातं तसं त्यातलं विषाचं प्रमाणही उतरत जातं. नोव्हेंबरनंतरचे ते महिने म्हणजे तिचा सुगीचा काळ. त्यानंतर ओलीत असेल तर फरदड. जानेवारीत भाव वाढेल या आशेने पीक ठेवलेलं, फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी देऊन बोंडं धरलेली. कोषात जाण्याआधी अळी सरकीत, पऱ्हाटीवर, म्हणजे वेचणीनंतरच्या वाळक्या झाडावर, राहिलेल्या बोंडांत किंवा जिनिंगच्या आवारातल्या ढिगात सुप्त पडून राहते. खानदेशात ठिबकवर मे महिन्यातच पूर्वहंगामी कपाशी उभी असते, त्यामुळे सुप्तावस्थेतून लवकर बाहेर पडलेल्या पतंगांना पाती-फुलं तयार मिळतात. त्यांची पहिली पिढी तिथे वाढते आणि जूनमध्ये पेरलेल्या शेजारच्या कोरडवाहू शेतावर दुसरी पिढी उतरते. निसर्गात या अळीला वर्षातून काही महिने उपास घडायला हवा. आपण तिचा उपास मोडला.

परदेशातली दोन उदाहरणं इथे उपयोगी आहेत, आणि दोन्ही नीट वाचली पाहिजेत, कारण आपल्याकडे त्यांचा अर्धाच भाग सांगितला जातो.

पहिलं अ‍ॅरिझोनाचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचं जाहीर केलं. १९१७ मध्ये टेक्ससमध्ये पहिल्यांदा सापडलेली कीड शंभर वर्षांनी संपली. तिथल्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून दहा वर्षं रेफ्युजी प्रामाणिकपणे लावलं, हे आपल्याला नेहमी ऐकवलं जातं. ऐकवलं जात नाही ते असं की पऱ्हाट्या ठरल्या तारखेपर्यंत नांगरून गाडायचा तिथे कायदा होता, २००६ पासून वांझ केलेले पतंग विमानातून मोठ्या संख्येने सोडले गेले, या सगळ्याला सरकार आणि उत्पादक संघ दोघांनी पैसा लावला, आणि पीक सरळ वाणाचं होतं. शेकडो एकरांचा एकेक शेतकरी. वर्ध्याच्या गावात दोनशे खातेदारांना एका तारखेला राजी करणं आणि तिथे दहा जणांना राजी करणं यात फरक आहे, हेही मान्य करायला हवं.

दुसरं चीनचं, आणि ते मला जास्त आवडतं कारण त्यात कोणाची योजनाच नव्हती. यांगत्से नदीच्या खोऱ्यात एकच विष असलेली बीटी कपाशी होती, रेफ्युजीची सक्ती नव्हती आणि गुलाबी अळीत प्रतिकारशक्ती वाढू लागली होती. २०१० च्या सुमारास तिथले शेतकरी संकराचं दुसऱ्या पिढीचं स्वस्त बियाणं पेरू लागले. त्या बियाण्यात चौथा हिस्सा झाडं पूर्णपणे बिगर-बीटी निघतात. शेतात आपोआप आश्रय तयार झाला, आणि प्रतिकारक अळ्यांचं प्रमाण वाढायचं थांबून कमी झालं. काही पैसे वाचवण्यासाठी केलेल्या गोष्टीने सगळ्या खोऱ्यातली अळी पुन्हा मवाळ केली. अनेकांना यातून ‘आपणही दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरू’ असं सुचेल. मी ते सुचवत नाही. आपल्याकडे अळी दोन्ही विषांना सरावल्यावर तेवढ्याने काही होणार नाही. यातून घ्यायचं ते एवढंच की अळीची घडण बदलता येते, दोन्ही दिशांनी, आणि ती बदलते शेताच्या रचनेने. भाषणांनी आणि भित्तिपत्रकांनी बदलत नाही.

मग करायचं काय? या अळीचे बहुतेक पतंग फार दूर जात नाहीत, जवळपासच्याच शेतांत फिरतात. ही आपल्या बाजूची गोष्ट आहे. एका शेताने काही होत नाही हे खरं, पण सगळ्या जिल्ह्याची वाट पाहायचीही गरज नाही. एका गावाने, फार तर लगतच्या चार-पाच गावांनी मिळून जूनमध्येच पेरलं, दीडशे दिवसांच्या आतला वाण घेतला, डिसेंबरअखेर शेत मोकळं केलं आणि पऱ्हाट्या ठेवल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी त्याचा परिणाम त्यांच्याच शिवारात दिसतो. सल्ला म्हणून हे सगळं अकोल्याच्या आणि परभणीच्या विद्यापीठांनी वारंवार सांगितलेलं आहे. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावा, तीन रात्री सलग सापळ्यामागे आठ पतंग सापडले तर फवारा, डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुलं, तोडून नष्ट करा, फरदड घेऊ नका. एकही सल्ला चुकीचा नाही. पण सल्ल्याला पैशाची जोड नाही, आणि सल्ला प्रत्येक शेतकऱ्याला सुटा दिला जातो.

२०१७ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात राज्य सरकारने बोंडअळीग्रस्तांसाठी कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपये जाहीर केले. त्यात प्रत्येकी १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून वसूल व्हायचे होते. ते पैसे मिळवताना ‘जी’ नमुन्यातले तक्रार अर्ज, पंचनामे, सुनावण्या यात शेतकरी किती पिचला ते वेगळंच. मला त्या आकड्याकडे दुसऱ्या नजरेने बघावंसं वाटतं. पीक गेल्यावर हेक्टरी तीस हजार देण्याची तयारी असलेलं सरकार, पीक जाऊ नये म्हणून डिसेंबरात शेत मोकळं करणाऱ्या गावाला त्याच्या पाव रक्कमसुद्धा का देत नाही? फरदडीचे दोन-तीन क्विंटल सोडून देणं हा शेतकऱ्याचा खरा तोटा आहे. ज्याच्याकडे ओलीत आहे तो हरभऱ्याकडे वळू शकतो, पण ज्याची जमीन भारी आणि ओल टिकणारी आहे आणि मजुरीला पैसे नाहीत, त्याच्यासाठी ते शेवटचे वेचे म्हणजे लग्नाचा किंवा दवाखान्याचा खर्च असतो. ते वेचे सोड म्हणायचं तर त्याची किंमत मोजली पाहिजे. आणि ती सगळ्या गावाने मिळून शेत मोकळं केलं तरच द्यावी, एकेकट्याला नाही, म्हणजे शेजारीच शेजाऱ्याला आठवण करून देईल.

जुन्या मद्रास प्रांतात १९१९ मध्ये पिकांच्या किडींविरुद्ध कायदा झाला, त्याखाली कोइम्बतूर भागात कंबोडिया कपाशीच्या पऱ्हाट्या ठरल्या मुदतीत उपटणं सक्तीचं होतं. नुसती सक्ती आज चालणार नाही, आणि चालूही नये. मध्यंतरी काही वर्षं आपल्याकडे १ जूनपूर्वी कपाशीचं बियाणं विकायला बंदी होती. हेतू बरोबर होता, पण खानदेशातला शेतकरी मध्य प्रदेशातून किंवा गुजरातेतून बियाणं आणायचा, बहुधा जास्त भाव देऊन आणि पावतीशिवाय. खोटं निघालं तर दाद मागायलाही कागद नसायचा. ठिबकवाल्याला उशिरा पेरण्याने नुकसान होतं हे नाकारून बंदी टिकत नाही. त्या नुकसानाचं काय, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

पऱ्हाट्यांचंही तसंच. ‘जाळून टाका’ म्हणणं सोपं आहे. कित्येक घरांत अजून त्याच पऱ्हाट्यांवर चूल पेटते, कुंपणं होतात. घरामागे रचलेला तो ढीग म्हणजे पुढच्या जूनपर्यंतचं सरपण असतं. सिलिंडर परत भरणं परवडत नाही त्या घराला किडीचं शास्त्र सांगून उपयोग नाही. गावात श्रेडर पोहोचवणं, भुकटी शेतात गाडून देणं किंवा जळणाच्या कांड्यांच्या कारखान्याने ती विकत घेणं, हे बोंडअळी नियंत्रणाचं काम आहे असं कृषी खात्याने अंदाजपत्रकात लिहायला हवं. जिनिंगवाल्यांचा यात वाटा आहे, तो तर जवळजवळ कोणी मागतच नाही. सरकीचे ढीग आणि कचरा महिनोन्‌महिने उघड्यावर असतो, अळ्या त्यात झोपलेल्या असतात. सरकीतून ही कीड किती दूर जाऊ शकते हे बघायचं तर इजिप्तकडे बघा. तिथे ती गेल्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातून गेलेल्या बियाण्यातूनच पोहोचली.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो शेतकरी चळवळीतल्या जाणत्या लोकांकडून येतो म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, जगात पुढची बियाणी आली, आम्ही अजून २००६ च्या जनुकावर अडकलोय. परवानगी द्या, तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य द्या, अळीचा प्रश्न सुटेल. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात तणनाशक सहन करणारं विनापरवाना बियाणं उघडपणे पेरून जे आंदोलन झालं, त्यामागची चीड मला कळते. परवानगीच्या फायली वर्षानुवर्षं पडून राहतात आणि बाजारात चोर बीटी बिनबोभाट मिळते, हा ढोंगीपणाच आहे. नवं जनुक यायला माझा विरोध नाही. पण २००६ मध्येही हेच झालं होतं. एका विषाला दुसऱ्याची जोड दिली, तेच संकरित बियाणं, तीच लांब मुदत, तीच फरदड. दुसऱ्या विषाला दहा वर्षंही मिळाली नाहीत. तिसरं जनुक त्याच शेतात सोडलं तर त्याचं वेगळं काय होईल, हे मला कोणी पटवून द्यावं. आणि चोर बीटीत तर आश्रयाचं बियाणं असण्याचा प्रश्नच नाही.

तंत्रज्ञान म्हणजे फक्त जनुक असं आपण का धरून चाललो आहोत हेही कळत नाही. दाट लागवडीची, बुटकी, दीडशे दिवसांत आटोपणारी सरळ वाणं हेही तंत्रज्ञान आहे. त्यात बीटी असेल तर प्रत्येक सरकीत विष पूर्ण असतं, बियाणं घरचं राहतं, आणि पीक अळीच्या सुगीच्या आधी निघून जातं. नागपूरच्या संस्थेने अशी वाणं तयार केलेली आहेत. त्यांचं बियाणं पुरेसं तयार होत नाही, कारण जे पुन्हा विकता येत नाही ते विकण्यात कंपन्यांना रस नाही आणि महामंडळांना घाई नाही. तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मागणाऱ्यांनी या बियाण्यासाठी एक आंदोलन केलं असतं तर मी त्यांच्या मागे उभा राहिलो असतो.

२०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, दमट हवा, एकत्र कालवलेली औषधं. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, हे माहीत असूनही दुसरा उपाय हातात नसल्यामुळे माणसं फवारत राहतात. शेताच्या रचनेवर चर्चा करणं हा शास्त्रज्ञांचा छंद आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या वर्षीच्या यवतमाळकडे पाहावं.

पुढचं कापसाचं जनुक आज ना उद्या मंजुरीच्या टेबलावर येईल. तेव्हा समितीने जनुक माणसाला आणि गुरांना सुरक्षित आहे का, एवढंच विचारून थांबू नये. ते संकरात विकणार की सरळ वाणात? संकरात असेल तर सरकीत विषाची वाटणी कशी होते, आणि त्यावर गुलाबी अळी किती तगते, याची आपल्याच शेतातली आकडेवारी कुठे आहे? वाण किती दिवसांचा? आश्रय कोण लावणार आणि त्याचा खर्च कोण देणार? प्रत्येक तालुक्यातल्या अळ्या दरवर्षी तपासून निकाल मराठीत, पेरणीच्या आधी, शेतकऱ्याला वाचता येईल अशा ठिकाणी लावणार का? या प्रश्नांची उत्तरं अर्जासोबत जोडलेली नसतील तर अर्ज परत पाठवावा, आणि जोडलेली असतील तर ती उत्तरं देणाऱ्याच्या सहीसकट जपून ठेवावीत, कारण दहा वर्षांनी ती पुन्हा काढून वाचावी लागतील.